‘आराव’ म्हणजे सावकाश : वेल्श शिकणाऱ्या वाचकांचे प्रश्न

वेल्श भाषेविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. तीन पत्रे वेल्समध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांची आहेत आणि एक नाशिकहून आले आहे. वेल्श बोलणारे लोक आपल्या भाषेला ‘कम्राइग’ आणि देशाला ‘कम्री’ म्हणतात. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी मूळची सांगलीची असून गेली तीन वर्षे कार्मार्थेनशर परगण्यातील एका रुग्णालयात परिचारिका आहे. आठवड्यातून एकदा वेल्शच्या वर्गाला जाते आणि दुकानात, बसमध्ये, कॅफेत ती भाषा बोलण्याचा प्रयत्न करते. पण मी वेल्शमध्ये सुरुवात केली की समोरची व्यक्ती हसून इंग्रजीत उत्तर देते. माझ्या उच्चारांमुळे असे होते की वर्णामुळे, ते कळत नाही, पण अपमान झाल्यासारखे वाटते. हा नाद आता सोडून द्यावा का?

उत्तर : आपण सोडून देऊ नये. आपल्याला जे अपमानासारखे वाटते, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा सौजन्य असते, हे मी वेल्समधील अॅबरिस्टविथ या गावी काढलेल्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. वेल्श घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लहानपणीच, कुणी न सांगता कळलेली असते, की परक्या माणसाशी इंग्रजीत बोलायचे. ही सवय एका पिढीत लागलेली नाही. १५३६ च्या कायद्याने वेल्समधील न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरली आणि वेल्श वापरणाऱ्याला सरकारी पदाची दारे बंद झाली. एकोणिसाव्या शतकात अनेक शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा एक तुकडा अडकवत असत. त्या मुलाने दुसऱ्या कुणाला पकडून दिले की तो तुकडा त्या दुसऱ्याच्या गळ्यात जाई, आणि दिवसअखेर ज्याच्या गळ्यात तो उरेल त्याला शिक्षा होई. १८४७ साली वेल्श न येणाऱ्या तीन इंग्रज आयुक्तांनी तेथील शाळांवर अहवाल लिहिले आणि लोकांच्या मागासलेपणाचे आणि अनीतीचे खापर बरेचसे त्यांच्या भाषेवर फोडले. ज्यांच्या पणजोबांना मार खाऊन घरची भाषा घरातच ठेवायला शिकावे लागले, त्यांची पतवंडे आज गल्ल्यावर बसून आपल्याशी इंग्रजीत बोलतात, तेव्हा आपला पाणउतारा करावा असे त्यांच्या मनातही नसते.

दुसरे एक कारण आहे, आणि ते कळायला मला फार दिवस लागले. ज्यांची मातृभाषा वेल्श आहे अशा कितीतरी लोकांना आपलीच वेल्श कच्ची वाटते. शाळा इंग्रजीत झाली, पत्रव्यवहार इंग्रजीत झाला, आणि वेल्श राहिली ती जेवणाच्या टेबलावर आणि चॅपेलमध्ये. वर्गातून शिकून आलेला माणूस नीट व्याकरणशुद्ध वाक्य बोलू लागला की ते बिचकतात आणि ‘माझी वेल्श काही पुस्तकी नाही हो’ असे म्हणून इंग्रजीचा आडोसा घेतात. म्हणजे आपण ज्यांच्यापुढे संकोचून उभ्या असता, तेही आपल्यापुढे तितकेच संकोचलेले असतात.

वर्णाचे म्हणाल, तर चेहरा पाहून ‘हिला वेल्श कुठून येणार’ असे गृहीत धरणारे लोक आहेत, आणि तिकडे दुर्लक्ष करा असे मी आपल्याला सांगणार नाही. ती चूक त्यांची आहे आणि ती त्यांनी सुधारायला हवी. मात्र मुंबई-पुण्यात मराठी माणूसच रिक्षावाल्याशी हिंदीत सुरुवात करतो आणि अर्ध्या वाटेवर रिक्षावाला बीडचा असल्याचे कळते, हा अनुभव आपल्या सर्वांचा आहे. समोरच्याची भाषा आधीच ठरवून टाकण्याची ही खोड आपल्याला घरूनच माहीत आहे, म्हणून तिच्यावरचा उपायही आपल्याला लवकर जमेल.

उपाय साधा आहे. समोरची व्यक्ती इंग्रजीवर आली, तरी आपण इंग्रजीवर जाऊ नये. ‘दु इन दस्गी कम्राइग’, म्हणजे ‘मी वेल्श शिकते आहे’, एवढे वाक्य आधी म्हणावे आणि मग ‘शारादुख अन आराव’, म्हणजे ‘सावकाश बोला’, अशी विनंती करावी. यातला ‘आराव’ हा शब्द आपल्याला वेल्समधल्या प्रत्येक वळणावर, डांबरावर पांढऱ्या ठळक अक्षरांत दिसला असेलच. नारंगी बिल्ला लावलेली माणसे हेरावीत. चित्रकथेतल्या पात्राच्या तोंडून निघणाऱ्या फुग्यासारखा तो बिल्ला ज्याने लावला आहे, तो कामाच्या ठिकाणी वेल्श बोलायला राजी असतो. शिकणाऱ्यांसाठीही तशी खूण मिळते. ती आपण गणवेशावर लावावी.

माझा एक प्रसंग सांगतो. पहिल्या वर्षी एका कॅफेत मी घरून पाठ करून नेलेले वाक्य म्हटले : ‘गा ई पानेद ओ ते?’ मला एक कप चहा मिळेल का, असे मला विचारायचे होते. गल्ल्यावरच्या बाईंनी दूध हवे का, असे इंग्रजीत विचारले. मी ‘दु इन दस्गी’ म्हणालो. त्या थांबल्या, हातातले फडके बाजूला ठेवले, आणि एकेक शब्द सुटा करीत म्हणाल्या, ‘बानेद ओ दे’. मग दुधाच्या किटलीकडे बोट दाखवून ‘लाएथ?’ असे विचारले. त्या दिवशी मला एका वाक्यात दोन दुरुस्त्या मिळाल्या आणि पुढची चार वर्षे त्या बाई माझ्याशी इंग्रजीत बोलल्या नाहीत.

‘पानेद’चे ‘बानेद’ आणि ‘ते’चे ‘दे’ का झाले, हे मराठी माणसाला समजावणे इंग्रजाला समजावण्यापेक्षा सोपे आहे. आपण ‘पुणे’ म्हणतो, पण ‘पुण्याला’ जातो. ‘घोडा’ म्हणतो, पण ‘घोड्यावर’ बसतो. शब्द वाक्यात शिरला की त्याचे सामान्यरूप होते आणि आपल्याकडे हा बदल शब्दाच्या शेवटी होतो. वेल्शमध्ये तो शब्दाच्या सुरुवातीला होतो. म्हणून शब्दकोशात ‘बानेद’ शोधून सापडत नाही, ‘प’खाली शोधावे लागते. या बदलांत चुका झाल्या तरी अर्थ सहसा बिघडत नाही आणि कुणी रागावत नाही. त्या भीतीने गप्प बसणे हीच खरी चूक.

आणखी एका बाबतीत आपण भाग्यवान आहोत. वेल्शमध्ये ‘होय’साठी सर्वत्र चालणारा एक शब्द नाही, त्यामुळे इंग्रजी भाषक फार गोंधळतात. आपण मात्र ‘चहा आहे का?’ याला ‘आहे’ आणि ‘जेवलात का?’ याला ‘जेवलो’ असे सहज उत्तर देतो. वेल्शमध्येही पुष्कळदा क्रियापदच परतवायचे असते. आपल्या वॉर्डात याचा रोज उपयोग होईल. ‘ओइस पोइन गदा खी?’, म्हणजे ‘आपल्याला दुखते आहे का?’ असे आपण एखाद्या आजोबांना विचारले, तर ते ‘ओइस’ म्हणतील, म्हणजे ‘आहे’, किंवा ‘नाग ओइस’, म्हणजे ‘नाही’. यातला ‘खी’ म्हणजे आपला आदरार्थी ‘तुम्ही’. ‘तू’साठी वेल्शमध्ये ‘ती’ आहे. आजोबांना ‘ती’ म्हणू नये, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

वॉर्डाचा उल्लेख मी मुद्दाम केला. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या बाबतीत असे अनेकदा घडते की मागाहून शिकलेली इंग्रजी विरत जाते आणि आईच्या मांडीवर शिकलेली वेल्श तेवढी उरते. अशा माणसाला कुठे दुखते हे इंग्रजीत सांगता येत नाही, आणि त्याला काही कळत नाही असा समज होऊन बसतो. वेल्स सरकारने २०१२ साली आरोग्यसेवेसाठी एक धोरण आखले. रुग्णाने मागणी करण्याची वाट न पाहता वेल्शमधील सेवा आपणहून देऊ करावी, हे त्यातले मुख्य तत्त्व आहे. आजारी माणूस भाषेसाठी हट्ट धरीत नाही, तो मिळेल ते निमूटपणे घेतो, म्हणून ते तत्त्व मला फार योग्य वाटते. आपली शंभर शब्दांची मोडकी वेल्श दुकानात कदाचित कुणाला लागणार नाही, पण रात्रपाळीला एखाद्या खाटेपाशी ती लागेल. वर्ग चालू ठेवावा.

प्रश्न : आम्ही दोघे कार्डिफला नोकरी करतो आणि घरी मराठी बोलतो. मुलगी चार वर्षांची होत आहे. जवळच वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा आहे. सासूबाईंचे म्हणणे आहे की तीन भाषांच्या ओझ्याखाली पोरीला एकही धड येणार नाही. आम्हाला दोघांना वेल्श येत नाही, तेव्हा गृहपाठ तरी कसा घ्यावा?

उत्तर : आपल्यासारख्या पालकांसाठीच त्या शाळा चालतात, असे म्हटले तरी चालेल. कार्डिफच्या वेल्श माध्यमाच्या शाळांत जाणाऱ्या बहुसंख्य मुलांच्या घरी वेल्श बोलली जात नाही, हे शिक्षकांना पक्के ठाऊक असते. पहिली काही वर्षे सारे शिक्षण, खेळ आणि गाणी वेल्शमध्ये होतात, आणि इंग्रजीचे रीतसर शिक्षण साधारण सातव्या वर्षापासून सुरू होते. पालकांना येणाऱ्या सूचना दोन्ही भाषांत असतात. अॅबरिस्टविथला १९३९ साली अशी पहिली प्राथमिक शाळा निघाली तेव्हा तिच्यात सात मुले होती. आज देशाच्या सर्व भागांत अशा शाळा आहेत.

सासूबाईंना बेळगाव-निपाणीकडच्या मुलांची आठवण करून द्यावी. घरी मराठी, बाजारात कन्नड, शाळेत आणखी एखादी भाषा असे करीत ती मुले वाढतात आणि कुणाची जीभ त्यामुळे अडखळलेली नाही. त्यांची काळजी रास्त आहे, पण ती चुकीच्या भाषेबद्दल आहे. कार्डिफसारख्या शहरात इंग्रजी मुलीला आपोआप येईल, तुम्ही नको म्हटले तरी येईल. जपावी लागेल ती मराठी, आणि शाळेच्या फाटकाबाहेर जपावी लागेल ती वेल्श. वर्गात वेल्श बोलणारी मुले मधल्या सुट्टीत पटांगणावर इंग्रजीत खेळतात, हे त्या शाळांचे जुने दुखणे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. म्हणून घरी मराठी काटेकोरपणे चालू ठेवावी, तिच्यात इंग्रजीची भेसळ होऊ देऊ नये, आणि वेल्शसाठी शाळेबाहेर एखादी तरी जागा शोधावी. १९२२ साली स्थापन झालेल्या ‘उर्द’ या युवक संघटनेचे खेळ, शिबिरे आणि गाण्यांच्या स्पर्धा त्यासाठी फार उपयोगी पडतात.

गृहपाठाचे ओझे वाटू देऊ नये. मुलीला सांगावे की आज शिकलेला एक शब्द तू आम्हाला शिकव. चार वर्षांच्या मुलीला आईबाबांची चूक काढायला मिळाली की तिला त्या भाषेचा अभिमान वाटू लागतो. रात्री दिवा मालवताना तिने ‘नोस दा’ म्हणावे आणि तुम्ही तसेच उत्तर द्यावे, इतक्यावरही सुरुवात होते.

फक्त एक विनंती आहे. शाळा निवडाल तर माध्यमिकपर्यंत निवडा. अकराव्या वर्षी मुलांना वेल्श माध्यमातून काढून इंग्रजी शाळेत घालणारे पालक असतात. तोवर आलेली भाषा मग दोन-तीन वर्षांत मूक होते, आणि मूल मोठेपणी ‘मला समजते, पण बोलता येत नाही’ एवढेच सांगू शकते.

प्रश्न : वेल्स सरकारने २०५० पर्यंत वेल्श भाषकांची संख्या दहा लाखांवर नेण्याचे ठरवले आहे, असे वाचनात आले. जेथे प्रत्येकाला इंग्रजी येते, तेथे दुसऱ्या भाषेवर एवढा पैसा आणि कष्ट का खर्चावेत? ही निव्वळ भावनिकता नव्हे काय? (नाशिक)

उत्तर : भावना त्यात आहे आणि ती असल्याबद्दल कुणी लाजण्याचे कारण नाही. पण आपण विचारता त्या प्रश्नाचे उत्तर मी एका घराच्या गोष्टीने देतो.

लानेल्लीजवळ लांगेनेख नावाचे गाव आहे. तेथे आयलीन आणि ट्रेव्हर बीझली हे दांपत्य राहत असे; ट्रेव्हर कोळशाच्या खाणीत कामाला होते. १९५२ साली त्यांच्याकडे घरपट्टीचे बिल आले ते इंग्रजीत. गावातली बहुतेक माणसे वेल्श बोलत होती. बीझली दांपत्याने कळवले की बिल वेल्शमध्ये द्यावे, आम्ही लगेच पैसे भरतो. बिल मिळाले नाही, म्हणून त्यांनी पैसे भरले नाहीत. कोर्टाची समन्से आली, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा आली. जप्तीची माणसे घरात शिरली आणि पियानो, खुर्च्या, गालिचे असे करीत घरातले सामान उचलून घेऊन गेली. घरात लहान मुले होती. हे आठ वर्षे चालले, आणि १९६० साली त्यांच्या हाती दोन भाषांतले बिल पडले. त्या दोघांनाही इंग्रजी उत्तम येत होती. ‘तुम्हाला इंग्रजी येते ना?’ हा आपला प्रश्न त्यांना त्या आठ वर्षांत किती वेळा ऐकावा लागला असेल, याची कल्पना आपण करावी.

पुढे १३ फेब्रुवारी १९६२ रोजी लेखक सॉन्डर्स लुईस यांनी बीबीसीवर ‘भाषेचे भवितव्य’ या विषयावर वेल्शमधून भाषण केले आणि त्यात याच दांपत्याचा दाखला दिला. त्याच वर्षी वेल्श भाषा संघ स्थापन झाला, आणि १९६३ च्या फेब्रुवारीत तरुण मुलामुलींनी अॅबरिस्टविथच्या ट्रेफेखान पुलावर बसून वाहतूक अडवली. दुभाषी पाट्या, १९८२ साली सुरू झालेली वेल्श दूरचित्रवाणी वाहिनी, २०११ च्या कायद्याने मिळालेला अधिकृत भाषेचा दर्जा, हे सारे त्यानंतर, एकेका भांडणातून मिळाले. वाहिनीसाठी तर ग्विनफोर एव्हान्स या नेत्याला १९८० साली आमरण उपोषणाचा इशारा द्यावा लागला, तेव्हा सरकारने वाहिनीचा आधी दिलेला शब्द पाळला.

आकडे आपल्यासमोर ठेवतो. १९११ साली वेल्समधील शंभरांत त्रेचाळीसहून अधिक लोक वेल्श बोलत होते. २०२१ च्या जनगणनेत ती संख्या सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे १७.८ टक्के भरली. त्याच्या दहा वर्षे आधी ती १९ टक्के होती. घट मुख्यतः ३ ते १५ या वयोगटात झाली, आणि ते मला सर्वांत जास्त टोचते. दहा लाखांच्या उद्दिष्टाचे धोरण २०१७ साली जाहीर झाले. शाळेत भाषा शिकून जनगणनेच्या रकान्यात खूण करणारे दहा लाख मिळाले आणि बाजारात ती कुणी बोललेच नाही, तर ते यश मी मानणार नाही. कार्नार्वनसारख्या गावात आजही रस्त्यावर, बँकेत, पोरांच्या भांडणात वेल्श ऐकू येते. तशा जागी घरे परवडेनाशी होऊन तरुणांना गाव सोडावे लागले, तर शहरातल्या शाळांनी ती तूट भरून निघणार नाही. पैसा कुठे खर्चावा हा वाद घालायचा असेल, तर तो या ठिकाणी घालावा.

विरोध करणाऱ्यांतही दोन प्रकार आहेत, हे ध्यानात घ्यावे. ‘आम्ही पबमध्ये शिरलो आणि सगळे मुद्दाम वेल्शमध्ये बोलू लागले’ ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती माणसे तुम्ही शिरण्याआधीही वेल्शमध्येच बोलत होती. या तक्रारीला मी महत्त्व देत नाही. दुसरा प्रकार मात्र फार हळव्या जागेचा आहे. वेल्समध्येच जन्मलेल्या ज्यांच्या आजीने आपल्या मुलांना मुद्दाम वेल्श शिकवली नाही, कारण त्या भाषेत नोकरी मिळत नव्हती, त्यांना आज ‘तू खरा वेल्श नाहीस’ असे सुनावले गेले तर ते दुखावतात आणि भाषेवरच राग काढतात. त्यांना दोष देऊ नये. प्रौढांच्या वर्गांत सर्वांत मोठ्या निर्धाराने बसलेले मी जे लोक पाहिले, ते याच घरांतले होते.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा असून मुलाकडे स्वॉन्झीला आलो आहे. नातवाने मला लानेल्ली हा शब्द म्हणायला सांगितला आणि माझ्या उच्चाराला तो पोट धरून हसला. या वयात तो उच्चार जमेल का?

उत्तर : जमेल. आपला ‘ळ’ येथे उपयोगाचा नाही, ‘ल’ उपयोगाचा आहे. जिभेचे टोक ‘ल’ म्हणताना जेथे टेकते तेथे टेकवून तसेच ठेवावे, आवाज काढू नये, आणि जिभेच्या एका बाजूने नुसती हवा सोडावी. मांजर फिस्कारते तसा ध्वनी येईल. लानेल्ली या नावात तो दोनदा येतो, एकदा आरंभी आणि एकदा शेवटच्या ‘ई’च्या आधी. जेवणाआधी करावे, पोट भरलेले असताना हवा पुरत नाही. आठवडाभर रोज पाच मिनिटे करून झाल्यावर नातवाला पुन्हा म्हणून दाखवावे, आणि मग त्याला आपला ‘ळ’ म्हणायला सांगावा.